खुष्कीचा मोटारप्रवास

खुष्कीचा मोटारप्रवास : जहाज वा विमान यांचा शक्यतो आश्रय न घेता, जमिनीवरून स्वतःच्या वाहनाने अनेक देश ओलांडून केलेल्या दीर्घ प्रवासास खुष्कीचा मोटारप्रवास म्हणतात. नेहमीच्या मोटारसहलीहून तो दोन बाबतींत वेगळा आहे. एक म्हणजे, प्रवासी महिनोन्‌महिने वाहनातच राहतो. त्यामुळे वाहन हेच त्याचे घर, कोठार आणि कार्यशाळा बनते. दुसरे म्हणजे, वाहन तयार करणाऱ्या कारखान्याची सेवा वाटेत मिळेलच, असे त्याला गृहीत धरता येत नाही. देखभाल व दुरुस्ती स्वतः करावी लागते किंवा वाटेवरील कारागिरांकडून करून घ्यावी लागते. अशा प्रवासासाठी मागील भागात झोपण्याची, स्वयंपाकाची व सामानाची सोय केलेल्या मालमोटारीस निवासी ट्रक म्हणता येईल. या प्रवासप्रकाराचा विकास आफ्रिका व आशिया या दोन्ही खंडांत झाला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः यूरोप-भारत मार्गाचा विचार केला आहे. कारण दूरचा मार्ग कशामुळे खुला राहतो आणि कशामुळे बंद पडतो, हे त्याच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : पश्चिम आशियातून भारताकडे येणारा रस्ता मूळचा व्यापारी काफिल्यांचा. या रस्त्यावर एका दिवसाच्या मजलेच्या अंतराने सराया असत. सराईत केवळ निवारा नव्हे, तर पाणी, चारा, नालबंद आणि खोगीर शिवणारा यांचीही सोय असे. म्हणजे जनावरांची व सामानाची निगा राखण्याची व्यवस्था हा मार्गाचाच एक भाग होता. शेरशाह सूरीने (कार. १५४०-४५) आपल्या सडकेवर सराया बांधल्या, त्या याच परंपरेतल्या. मोटार आली तेव्हा ही जुनी व्यवस्था तिच्या फारशी उपयोगाची नव्हती. सराईत चारा मिळे, पेट्रोल मिळत नसे. नाल ठोकणारा भेटे, धावपट्टी बदलणारा भेटत नसे. १९०७ साली पेकिंग ते पॅरिस अशी मोटारींची शर्यत झाली, तेव्हा गोबीच्या वाळवंटातील इंधनाचे साठे उंटांच्या तांड्यांनी आधीच पोहोचवून ठेवावे लागले. या शर्यतीत पहिल्या आलेल्या प्रिन्स बोर्गेझे यांच्या इटाला मोटारीचे लाकडी चाक रशियात निकामी झाले. ते एका खेड्यातील कारागिराने केवळ कुऱ्हाडीच्या साहाय्याने नव्याने घडवून दिले. कारखान्यापासून दूर गेलेले यंत्र शेवटी स्थानिक हातांवर अवलंबून असते, ही या प्रवासातील कायमची वस्तुस्थिती पहिल्याच मोठ्या मोहिमेत दिसून आली.

आरंभीच्या मोहिमा : पहिल्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या नेर्न बंधूंनी १९२३ साली दमास्कस ते बगदाद ही वाळवंटातील मोटारसेवा सुरू केली. १९२४ मध्ये मेजर फोर्ब्ज-लीथ यांनी वुल्झली मोटारीने इंग्लंडहून क्वेट्टा गाठले. उलट दिशेचा एक प्रवास मुंबईतून निघाला होता. १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले आणि बलुचिस्तान, इराण, इराक व सिरियाचे वाळवंट या मार्गाने पश्चिमेस गेले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा या तिघांनी १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण केली.

या काळातील सर्वांत मोठी मोहीम सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची होती. झॉर्झ-मारी आर्द (१८८४-१९३२) यांच्या नेतृत्वाखाली अर्धपट्टेदार मोटारींचा ताफा ४ एप्रिल १९३१ रोजी बेरूतहून निघाला आणि बगदाद, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, पेशावर या मार्गाने श्रीनगरला आला. दुसरा ताफा चीनमधील त्येन्‌जिनहून पश्चिमेस येत होता. श्रीनगरच्या पुढे गिलगिटपर्यंत मोटारीस योग्य असा रस्ताच नव्हता. तरीही दोन मोटारी बुर्झिल खिंडीतून पुढे नेण्यात आल्या. वाट फारच अरुंद झाली, तेथे मोटारींचे भाग सुटे करून हमालांच्या पाठीवर नेले आणि पलीकडे पुन्हा जोडले. गिलगिटला मोटारींचा प्रवास संपला. माणसे घोड्यांवरून पुढे गेली. १२ फेब्रुवारी १९३२ रोजी मोहीम पेकिंगला पोहोचली. परतीच्या वाटेवर हाँगकाँग येथे आर्द मरण पावले. मोहिमेने मोठी कीर्ती मिळविली. पण कारखान्याचे धन आणि निवडक तंत्रज्ञ पाठीशी असल्याखेरीज असा प्रवास होऊ शकत नाही, हेही तिने दाखवून दिले. सामान्य प्रवाशाला हा मार्ग अजून दूर होता.

युद्धोत्तर काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. सैन्याने वापरातून काढलेली वाहने स्वस्तात मिळू लागली आणि ती दुरुस्त करणे शिकलेले हजारो तरुण सैन्यातून परतले. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये लँड रोव्हर बाजारात आली. तिची बांधणी साधी व भाग सुटे करण्यास सोपे होते. जर्मनीत १९५० मध्ये फोक्सवॅगनच्या हवाशीतित एंजिनाच्या छोट्या व्हॅनचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसविता येईल असे झोपण्या-जेवणाचे साहित्य तयार केले. निवासी वाहन मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात येण्याची ही सुरुवात होय.

ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांतील सहा तरुण दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन १ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनहून निघाले. भारत, आसाम व ब्रह्मदेशातील युद्धकालीन लेडो रस्ता या मार्गाने ते ६ मार्च १९५६ रोजी सिंगापूरला पोहोचले. या प्रवासाचा टिम स्लेसर यांनी लिहिलेला वृत्तांत १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १५ एप्रिलला ‘इंडियामन’ ही उतारू बस लंडनहून वीस प्रवासी घेऊन निघाली आणि ५ जूनला कलकत्त्याला आली. एका बाजूचे भाडे ८५ पौंड होते. काही वर्षांपूर्वी साहस वाटावे असा मार्ग आता तिकीट काढून जाण्याचा झाला.

मार्ग व त्याची घडण : लंडनहून इस्तंबूलपर्यंतचा रस्ता तुलनेने सोपा होता. बॉस्पोरस सामुद्रधुनी १९७३ मध्ये पूल होईपर्यंत नावेने ओलांडावी लागे. पुढे अंकारा, अर्झरूम, तब्रीझ, तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर खिंड, पेशावर, लाहोर व अमृतसर या क्रमाने प्रवासी दिल्लीस येई. लंडन-दिल्ली अंतर या मार्गाने सु. ९,००० ते १०,००० किमी. भरते. पूर्व तुर्कस्तानातील अर्झरूम सु. १,९०० मी. उंचीवर असून तेथील हिवाळा कडक असतो. इराणच्या पठारावर उन्हाळा व धूळ यांचा त्रास होई.

अफगाणिस्तानातील रस्ता हा या मार्गाचा सर्वांत अवघड टप्पा होता. १९६० च्या दशकात तो पक्का झाला, तो शीतयुद्धातील स्पर्धेमुळे. सोव्हिएट संघाच्या मदतीने सरहद्दीवरील कुश्का ते हेरात व कंदाहार हा काँक्रीटचा रस्ता झाला, तर अमेरिकेच्या मदतीने काबूल-कंदाहार हा डांबरी रस्ता झाला. दोन महासत्तांनी आपापल्या हेतूने बांधलेले हे रस्ते कंदाहारला एकत्र आले आणि त्यांवरून विद्यार्थी, पर्यटक व हिप्पी यांची वाहने जाऊ लागली.

१९६५ ते १९७९ हा या मार्गाचा भरभराटीचा काळ. ब्रिटिश सैन्याने काढून टाकलेले चारही चाकांना गती देणारे बेडफर्ड ट्रक विकत घेऊन त्यांतून वीस-वीस प्रवासी नेणाऱ्या संस्था निघाल्या. अनेक जण जुन्या टपालगाड्या, रुग्णवाहिका व मालमोटारी यांत स्वतः खाटा व चूल बसवून निघत. भारतात आल्यावर त्यांपैकी बऱ्याच जणांचा मुक्काम हिवाळ्यात गोव्याला पडे. हणजूणच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या रंगीबेरंगी गाड्या हे १९७० च्या दशकातील नेहमीचे दृश्य होते. खारी हवा पत्र्याला मानवत नसे. परतीच्या प्रवासाआधी गंज काढणे आणि कमानी तपासणे हे मुक्कामाचे शेवटचे काम ठरे.

निवासी ट्रकची बांधणी : ट्रकचा सांगाडा म्हणजे आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या दोन लांब लोखंडी तुळया होत. खडबडीत वाटेवर एक चाक वर व दुसरे खाली गेले, की हा सांगाडा पिळवटतो. तो तसा पिळवटावा, हीच त्याची रचना असते. परंतु त्यावर राहण्याची खोली घट्ट बसविली, तर पिळाचा ताण खोलीवर येऊन तिचे कोपरे फुटतात किंवा सांगाड्यालाच तडे जातात. म्हणून खोली तीन किंवा चार बिंदूंवर, हलू शकेल अशा आधारांनी बसवितात. वजनाची विभागणीही तितकीच महत्त्वाची असते. पाणी, इंधन व अवजारे यांसारख्या जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि दोन आसांच्या मध्ये ठेवतात. छतावर जड सामान लादलेला ट्रक उतरत्या बाजूकडे कलंडण्याचा धोका असतो.

खोलीतील दिवे व पंखा यांसाठी स्वतंत्र विद्युत्‌घटमाला ठेवून ती एंजिन सुरू करणाऱ्या घटमालेपासून अलग करता येईल अशी योजना करतात. अन्यथा रात्रीच्या दिव्यांमुळे सकाळी गाडी सुरू होत नाही. स्वयंपाकासाठी वायूच्या टाक्या सोयीच्या असल्या, तरी त्यांच्या तोट्यांचे आटे देशागणिक बदलतात. त्यामुळे अनुभवी प्रवासी रॉकेलचा स्टोव्ह बरोबर ठेवीत. पिण्याचे पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीन घालून घेतात; थंड प्रदेशात नळ्यांतील पाणी गोठून त्या फुटू नयेत म्हणून रात्री ते काढून टाकावे लागते.

वाटेवरील देखभाल : दूरच्या प्रवासात वाहन एकदम मोडण्याचे प्रसंग थोडे, बहुधा ते हळूहळू झिजत, सैल होत आणि चोंदत जाते. म्हणून रोज सकाळची तपासणी हा या प्रवासाचा पहिला नियम मानला जातो. एंजिनातील तेल, रेडिएटरमधील पाणी, चाकांच्या नटांची घट्टाई, धावांतील हवा, पंख्याचा पट्टा आणि गाडीखाली रात्रभर ठिबकलेले थेंब या सहा गोष्टी पाहण्यास फार वेळ लागत नाही. आडव्या लाटा उठलेल्या कच्च्या रस्त्यावर सतत कंप बसून बोल्ट ढिले होतात. एका सैल बोल्टाचा भार शेजारच्या बोल्टांवर पडून ते तुटतात.

धूळ हा एंजिनाचा मुख्य शत्रू होय. हवा गाळणारा भाग चोंदला, तर इंधन पूर्ण जळत नाही. तो फाटला, तर धूळ सिलिंडरात शिरून दट्ट्याची कडी झिजतात. त्यामुळे धुळीच्या प्रदेशात हा भाग रोज साफ करतात आणि एंजिनातील तेल नेहमीपेक्षा लवकर बदलतात. डीझेल एंजिनाला ठिणगी लागत नसल्याने त्यातील विद्युत्‌ दोष कमी असतात. मात्र त्याचे इंधन स्वच्छ असावे लागते. पिंपांतून मिळणाऱ्या डीझेलमध्ये पाणी व गाळ असतो. तो गाळणीत साचल्यावर गाळणी बदलून नळ्यांत शिरलेली हवा हातपंपाने काढावी लागते. हे काम न येणारा चालक भर वाळवंटात अडकतो. कडक थंडीत डीझेलमधील मेण वेगळे होऊन नळ्या तुंबतात. अशा वेळी पूर्व तुर्कस्तानातील ट्रकचालक इंधनात रॉकेल मिसळीत. चढावर हवा विरळ होत गेल्याने साध्या एंजिनाची शक्ती दर १,००० मी. उंचीमागे सु. १० टक्क्यांनी कमी होते. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये उतरण्याचा प्रघात आहे.

कमानीची मुख्य पट्टी तुटणे हा सर्वांत वारंवार येणारा बिघाड. त्याचे मूळ बहुधा रस्त्यात नसून जादा भारात असते. तुटलेल्या पट्टीला लाकडी ओंडका व दोर यांनी आधार देऊन गाडी हळूहळू पुढच्या गावापर्यंत नेता येते. वाळूत धावांतील हवा कमी केली, की त्या पसरतात व गाडी रुतत नाही. पण पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरली नाही, तर धाव तापून फुटते. जुन्या ट्रकच्या चाकाला सुटी लोखंडी कडी असते. हवा भरताना ती निसटून उडाल्यास माणूस जागीच दगावू शकतो. म्हणून चाकाला साखळी गुंडाळून व बाजूला उभे राहून हवा भरतात.

वाटेवरील कारागीर : या मार्गाच्या इतिहासात प्रवाशांची नावे पुष्कळ आढळतात, दुरुस्ती करणाऱ्यांची फारशी आढळत नाहीत. वस्तुतः तब्रीझ, मशहद, हेरात, कंदाहार, पेशावर, अमृतसर येथील लोहार, वेल्डर व मिस्त्री हेच नव्या काळातील नालबंद होते. मोडीतील ट्रकची कमान कापून दुसऱ्या गाडीला बसविणे, रेडिएटरला डाक लावणे, गॅस्केट कातडी वा पुठ्ठ्यातून कापून काढणे ही त्यांची नित्याची कामे होती. त्यांच्या या कौशल्यामुळे वाहनाच्या निवडीचे तत्त्वही ठरून गेले : सर्वांत उत्तम वाहन न्यावे असे नव्हे, तर वाटेवरच्या लोकांना ठाऊक असलेले वाहन न्यावे. तुर्कस्तान व इराणमध्ये मर्सिडीज ट्रक सर्वत्र चालत. भारतात १९५४ पासून जमशेटपूरला डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होत असत. हे सहकार्य १९६९ मध्ये संपले, तरी त्या बनावटीचे ट्रक रस्त्यावर व त्यांचे भाग बाजारात राहिले. पाकिस्तानात बेडफर्ड ट्रकांचे प्राबल्य होते. त्यामुळे मर्सिडीज किंवा बेडफर्ड घेऊन निघालेल्याला लहान गावातही सुटा भाग किंवा निदान तो ओळखणारा मिस्त्री सापडे.

परवाने व जकात : वाहन परदेशात तात्पुरते नेताना आयात जकात माफ व्हावी, यासाठी ‘कार्ने द पासाज’ ही पुस्तिका वापरतात. तिच्या प्रत्येक पानाचे भाग असतात. एक भाग वाहन देशात येताना व दुसरा बाहेर जाताना शिक्का मारून घेतात. खाजगी वाहनांच्या अशा तात्पुरत्या आयातीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. पुस्तिका देणारी मोटारसंघटना जकातीची हमी घेते व त्यासाठी प्रवाशाकडून तारण घेते. बाहेर जाण्याचा शिक्का नसल्यास जकात वसूल होते आणि ती जुन्या वाहनाच्या किमतीहूनही अधिक असू शकते. परिणामी मोडलेला ट्रक परक्या देशात टाकून देणे किंवा विकणे प्रवाशाला परवडत नसे. दुरुस्ती ही सोयीची नव्हे, तर कायद्याने भाग पाडलेली गोष्ट होती.

मार्गाचा अंत : १९६५ व १९७१ च्या युद्धांच्या वेळी भारत-पाकिस्तान सीमा बंद झाली होती, पण शांततेनंतर ती पुन्हा उघडली. १९७९ मध्ये मात्र मार्ग दोन ठिकाणी तुटला. फेब्रुवारीत इराणमध्ये क्रांती झाली आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएट सैन्य अफगाणिस्तानात शिरले. त्या सैन्याचा एक भाग कुश्काहून हेरात व कंदाहारकडे आला, तो सोव्हिएट मदतीने बांधलेल्या त्याच काँक्रीटच्या रस्त्याने. स्पर्धेने बांधलेला मार्ग स्पर्धेनेच बंद केला. १९८० मध्ये इराण-इराक युद्ध सुरू झाले. त्यानंतर थोडे प्रवासी झाहेदान-क्वेट्टा या दक्षिणेकडील वाटेने येत राहिले. १९८६ मध्ये खुंजेराब खिंड (सु. ४,७०० मी.) परदेशी प्रवाशांना खुली झाल्याने काराकोरम मार्गाने चीनकडे जाता येऊ लागले. भारत-म्यानमार सीमेवरील मोरे-तामू नाके ऑगस्ट २०१८ मध्ये प्रवाशांसाठी रीतसर उघडले आणि यूरोप ते सिंगापूर हा जुना मार्ग पुन्हा जुळेल, अशी आशा निर्माण झाली. परंतु २०२० ची महासाथ व २०२१ मधील म्यानमारचा लष्करी उठाव यांनी ती मावळली. एप्रिल २०२५ मध्ये भारताने अटारीचे नाके बंद केले.

मूल्यमापन : वाहनाची क्षमता या काळात सतत वाढत गेली. गुंथर होल्टोर्फ या जर्मन प्रवाशाने एकाच मर्सिडीज ३०० जीडी गाडीतून १९८८ ते २०१४ या काळात सु. ९ लाख किमी. प्रवास केला, ही गाडी आता श्टुटगार्ट येथील संग्रहालयात आहे. तिचे एंजिन पाच सिलिंडरांचे, साध्या बनावटीचे डीझेल एंजिन होते. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय मंद वेग आणि मालकाने स्वहस्ते केलेली नियमित देखभाल यांना दिले जाते. याउलट अलीकडील वाहनांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे बिघाड शोधण्यास संगणक लागतो, आणि उत्सर्जन कमी करण्यासाठी बनविलेल्या डीझेल एंजिनांना अल्प गंधकाचे इंधनच चालते; त्यामुळे वाटेवरच्या मिस्त्रीचे साहाय्य पूर्वीइतके उपयोगी पडत नाही.

तरीही यूरोप-भारत मार्ग थांबला, तो वाहने थकली म्हणून नव्हे. तुटलेली कमान हेरातचा लोहार सांधू शकत होता. तुटलेली सीमा सांधणे त्याच्या हाती नव्हते. काफिल्यांच्या काळात सराई आणि वाटेवरील सुरक्षितता या दोन्ही गोष्टी जेथे टिकल्या, तेथेच मार्ग टिकला. मोटारीच्या काळातही हे बदललेले नाही. रस्त्याची खरी देखभाल दोन ठिकाणी होते : गाडीखाली आडव्या पडलेल्या माणसाच्या हातून, आणि सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या राज्यांतील सामंजस्यातून. पहिली प्रवाशाने आणि कारागिराने निष्ठेने केली. दुसरी थांबली, तेव्हा मार्गही थांबला.